'आज नको' म्हणण्याचा अधिकार

एप्रिल 2023मध्ये ब्रिटनच्या बँक नियामकाने कार्लोस अबार्का यांना 81,620 पौंडांचा दंड केला. त्यांनी पैसे खाल्ले नव्हते की कुणाची फसवणूक केली नव्हती. टीएसबी या बँकेचे ते मुख्य माहिती अधिकारी, म्हणजे सीआयओ होते. एप्रिल 2018मध्ये बँकेने सुमारे 50 लाख ग्राहकांची खाती एका संगणक यंत्रणेवरून दुसऱ्या यंत्रणेवर हलवली आणि जवळपास 19 लाख ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांचा दंड झाला, तो वेगळाच. अबार्का यांच्यावरचा ठपका नेमका होता. यंत्रणा उभारणाऱ्या कंपनीने 'आम्ही तयार आहोत' असं कळवलं आणि त्यांनी पुरेशी शहानिशा न करता त्यावर विश्वास ठेवला.

सर्व्हर बंद पडला म्हणून एका माणसाच्या खिशातून दंड वसूल व्हावा, ही कल्पना तीस वर्षांपूर्वी कुणाला पटली नसती. आज बँक, रुग्णालय, बंदर, विमान कंपनी, महापालिका यांपैकी कोणतीही संस्था संगणकाशिवाय दिवसभरसुद्धा नीट चालत नाही. त्यामुळे तंत्रज्ञानाच्या सर्वोच्च खुर्चीत कोण बसतं, त्याला काय ठरवता येतं आणि त्याचं ऐकतं कोण, हा आता संस्थेच्या अस्तित्वाचा प्रश्न झाला आहे. गेल्या चार दशकांतल्या ठळक घटना पाहिल्या, तर एक गोष्ट वारंवार समोर येते. मोठ्या अपयशाच्या मुळाशी तांत्रिक अज्ञान क्वचितच असतं. धोका कुणाला तरी दिसलेला असतो, पण तो सांगून काम थांबवण्याचा अधिकार त्या माणसाकडे नसतो. किंवा ज्याच्याकडे अधिकार असतो, त्याने खोलात जाऊन विचारलेलं नसतं.

वातानुकूलित खोलीतून बाहेर

या पदाला फार जुना इतिहास नाही. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी उभारलेली 'सेबर' ही आरक्षण यंत्रणा 1964पर्यंत देशभर पोहोचली आणि संगणक हिशेबाच्या पलीकडे जाऊन धंदाच चालवू शकतो, हे दिसलं. तरीही संगणक विभागाचा प्रमुख बहुतेक ठिकाणी वित्त विभागाच्या हाताखालीच राहिला, कारण संगणक आले होते ते पगारपत्रकं आणि खतावण्या करायला. बोस्टनमधल्या बँकेचे अधिकारी विल्यम सिनॉट आणि त्यांचे सहलेखक विल्यम ग्रुबर यांनी 1981च्या सुमारास 'चीफ इन्फर्मेशन ऑफिसर' या पदाची कल्पना ठामपणे मांडली. पैशासाठी जसा वरिष्ठ पातळीवर अधिकारी असतो, तसा माहितीसाठीही हवा, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेने 1996च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने केंद्र सरकारच्या खात्यांना असा अधिकारी नेमणं बंधनकारक केलं.

भारतात वाट वेगळी होती. संगणक नोकऱ्या खाईल, या भीतीपोटी आयुर्विम्यापासून बँकांपर्यंत कर्मचारी संघटनांचा कडवा विरोध होता. रिझर्व्ह बँकेच्या सी. रंगराजन समितीने 1984मध्ये आणि पुन्हा 1989मध्ये टप्प्याटप्प्याने संगणकीकरणाचा मार्ग आखून दिला. शाखांमध्ये आधी लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मग संगणक आले. 'ईडीपी' म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग विभाग नावाची एक वातानुकूलित खोली असे, तिच्या दाराशी चपला काढून आत जायचं आणि आतल्या साहेबांचं काम छापील अहवाल वेळेवर काढणं एवढंच मानलं जाई. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराने 1994मध्ये पडद्यावरचे व्यवहार सुरू केले आणि उपग्रहाच्या मदतीने देशभरातले दलाल जोडले, तेव्हा चित्र पालटलं. इथे यंत्रणा हाच बाजार होता. 24 फेब्रुवारी 2021ला या बाजाराची यंत्रणा दुपारच्या आधी अडखळली, व्यवहार काही तास बंद राहिले आणि त्या दिवशी वेळ वाढवून संध्याकाळी 5 वाजेपर्यंत बाजार चालवावा लागला.

या पदाच्या महत्त्वावर शंका घेणारेही होते. निकोलस कार यांचा मे 2003मधला 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधला लेख त्यात सर्वांत गाजला. वीज आणि रेल्वेप्रमाणे माहिती तंत्रज्ञान सगळ्यांनाच मिळू लागलं आहे, त्यामुळे त्यातून कुणाला कायमची आघाडी मिळणार नाही, खर्च कमी करा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर तेव्हा मोठं वादळ उठलं. पण त्याच लेखात त्यांनी संधींपेक्षा धोक्यांकडे लक्ष द्या, असाही सल्ला दिला होता. पुढच्या वीस वर्षांनी या दुसऱ्या सल्ल्याचं मोल दाखवून दिलं.

तारीख आणि तयारी

सीआयओचं काम ढोबळमानाने चार प्रकारचं असतं. आहे ते चालू ठेवायचं, नवं आणायचं, सगळ्याचं रक्षण करायचं आणि ज्यांच्याकडून सेवा घेतल्या त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. यातलं पहिलं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पंधरा वर्षांपूर्वीची प्रणाली बदलण्यासाठी पैसे मागितले, तर संचालक विचारतात, 'चालतंय ना अजून?' उत्तर 'हो' असतं आणि प्रस्ताव पुढच्या वर्षावर जातो.

साउथवेस्ट एअरलाइन्सला या 'चालतंय ना'ची किंमत डिसेंबर 2022मध्ये मोजावी लागली. ऐन नाताळात हिमवादळ आलं. इतर विमान कंपन्या काही दिवसांत सावरल्या, साउथवेस्टची मात्र 16 हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारी प्रणाली एवढे बदल एकाच वेळी पचवू शकली नाही. कोणता वैमानिक कोणत्या शहरात अडकला आहे, हेच कंपनीला कळेना. कर्मचारी आपला ठावठिकाणा कळवण्यासाठी तासन्‌तास फोन धरून बसले होते. या प्रणालीबद्दल वैमानिकांची संघटना कित्येक वर्षं इशारे देत होती. वर्षभराने सरकारने कंपनीवर 14 कोटी डॉलरची दंडात्मक कारवाई केली.

नवं आणण्याच्या कामात धोका उलट्या बाजूने येतो. चॉकलेट बनवणाऱ्या हर्शी कंपनीने 1990च्या दशकाच्या अखेरीस ऑर्डर आणि गोदामांची व्यवस्था नव्या सॉफ्टवेअरवर नेली. कामाला 48 महिने लागतील, असा अंदाज होता. कंपनीने ते 30 महिन्यांत बसवलं. नवी यंत्रणा सुरू झाली जुलै 1999मध्ये, नेमक्या हॅलोविनच्या मागण्या येऊ लागण्याच्या हंगामात. गोदामात माल असून सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पाठवता आल्या नाहीत. टीएसबीच्या बाबतीतही तयारी अशीच अपुरी राहिली. काम दोन डेटा सेंटरवर चालणार होतं, पण भार पेलण्याची चाचणी एकाच सेंटरवर घेतली गेली. दोन्हींची मांडणी सारखी नव्हती, हे ग्राहक आत आल्यावर कळलं.

बेंट फ्लूबियेर्ग आणि अलेक्झांडर बुडझियर या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1,471 आयटी प्रकल्प तपासून 2011मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरी खर्च अंदाजापेक्षा 27 टक्क्यांनी वाढला होता. तो आकडा फारसा भीतिदायक वाटत नाही. पण दर सहा प्रकल्पांपैकी एकाचा खर्च अंदाजाच्या वर सरासरी दोनशे टक्क्यांनी गेला होता. म्हणजे सरासरीवर भरवसा ठेवणाऱ्या संचालक मंडळाला खरा धोका दिसतच नाही. या सहाव्या प्रकल्पाची चिन्हं आधी ओळखून तो थांबवणं हे सीआयओचं सर्वांत मोलाचं काम, आणि सर्वांत अवघडही. तोवर तारीख जाहीर झालेली असते, मंत्री किंवा अध्यक्ष उद्घाटनाला येणार असतात आणि 'आज नको' म्हणणारा माणूस खोडा घालणारा वाटतो.

दुसऱ्याच्या भरवशावर

आता बहुतेक संस्थांची यंत्रणा त्यांच्या स्वतःच्या इमारतीत नसते. सर्व्हर भाड्याचा, सॉफ्टवेअर वर्गणीचं, देखभाल कंत्राटी. टीएसबीची यंत्रणा उभारणारी कंपनी स्वतः 85 इतर पुरवठादारांवर अवलंबून होती. 31 जुलै 2024ला भारतात असाच एक धागा तुटला. छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना कोअर बँकिंग पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने या कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं वेगळं काढलं आणि सुमारे 300 बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम थांबलं. यातल्या एकाही बँकेने स्वतः काही चूक केलेली नव्हती. काउंटरवरच्या माणसाला मात्र 'सर्व्हर डाउन आहे' एवढंच ऐकू आलं.

त्याआधी बाराच दिवस, 19 जुलैला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. संरक्षणासाठी घेतलेली वस्तूच बंद पडण्याचं कारण ठरली. अपडेट आधी थोड्या यंत्रांवर टाकावं, मग सगळीकडे न्यावं, हा साधा नियम विकत घेतलेल्या सेवेलाही लावता येतो का, हे करार करतानाच विचारावं लागतं. सीआयओने करारपत्र वकिलावर सोडून चालत नाही, ते यासाठीच. सेवा बंद पडली तर किती मिनिटांत कळवणार, आमचे तपासनीस तुमच्याकडे येऊ शकतील का, करार संपला तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, ही कलमं मुळात तांत्रिक आहेत.

रखवालदार कुणाच्या हाताखाली?

11 ऑगस्ट 2018, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस या 1906मध्ये स्थापन झालेल्या सहकारी बँकेच्या बनावट कार्डांवर जगभरातल्या एटीएममधून पैसे निघू लागले. 28 देशांत काही तासांत हे घडलं. कार्डाच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला होता, त्यामुळे विनंती कोअर बँकिंगपर्यंत न जाता परस्पर मंजूर होत होती. सोमवारी 13 तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे हाँगकाँगला आणखी सुमारे 14 कोटी रुपये गेले. एकूण चोरी 94 कोटी रुपयांहून अधिक होती. एप्रिल 2023मध्ये पुण्याच्या न्यायालयाने यात 11 जणांना दोषी ठरवलं. या घटनेने देशभरच्या सहकारी बँकांना हादरवलं, कारण शंभर वर्षांची पत आणि चोख हिशेब असलेली संस्थासुद्धा शनिवार-सोमवारच्या दरम्यान लुटली जाऊ शकते, हे स्पष्ट झालं.

दिल्लीच्या एम्सवर 23 नोव्हेंबर 2022ला हल्ला झाला. रुग्णनोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिलं सगळं जवळपास दोन आठवडे कागदावर चाललं. नेटवर्कची योग्य विभागणी नव्हती, त्यामुळे हल्लेखोरांना आत पसरता आलं, असं सरकारने नंतर संसदेत सांगितलं. नेटवर्कचे कप्पे पाडणं हे काही नवं शास्त्र नाही. ते काम कुणाच्या नावावर होतं, त्याच्याकडे पैसा आणि अधिकार होता का, हे प्रश्न तिथून सुरू होतात.

इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीचा अनुभव याच प्रश्नावर बोट ठेवतो. मार्च 2017मध्ये अपाचे स्ट्रट्‌स या सॉफ्टवेअरमधली त्रुटी जाहीर झाली आणि दुरुस्तीचा पॅचही आला. कंपनीने तो एका जुन्या पोर्टलवर बसवला नाही. मेमध्ये हल्लेखोर आत आले. आतबाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाचं प्रमाणपत्र 19 महिन्यांपूर्वीच संपलं होतं, त्यामुळे जुलैच्या अखेरपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. अमेरिकी संसदेच्या समितीने तपास केला, तेव्हा एक संघटनात्मक दोष पुढे आला. कंपनीत सुरक्षा प्रमुख विधी विभागाच्या हाताखाली होते आणि सीआयओ वेगळ्या साखळीत. दोघांमध्ये नियमित संवादच नव्हता.

मग सुरक्षा प्रमुखाला सीआयओच्या हाताखाली ठेवावं का? रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2023च्या निर्देशात याला स्पष्ट नकार दिला. हे नियम 1 एप्रिल 2024पासून लागू झाले. त्यांनुसार सुरक्षा अधिकारी आयटी प्रमुखाच्या थेट हाताखाली नसावा आणि त्याला व्यवसायाची उद्दिष्टं देऊ नयेत. यामागचा विचार रास्त आहे. वेळेत प्रणाली सुरू करण्याची घाई ज्याला आहे, त्याच्याच हाती सुरक्षेचा शेवटचा शब्द राहिला, तर सुरक्षा मागे पडते. पण इक्विफॅक्स सांगते की नुसतं वेगळं केल्याने भागत नाही. दोघांना एकाच टेबलावर बसवून, एकच यादी समोर ठेवून, कोणता पॅच कोणत्या यंत्रावर कधी बसला, हे विचारणारा तिसरा कुणी तरी वर हवा.

बुडाल्यावर किती तासांत वर?

27 जून 2017ला नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं जगभरातलं संगणकजाळं काही मिनिटांत निकामी केलं. न्हावाशेव्यात जेएनपीटीमध्ये मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवलं जाणारं टर्मिनलही ठप्प झालं. कंटेनर अडकले, ट्रकांच्या रांगा लागल्या. कंपनीच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे, याची नोंद ठेवणारे सर्व्हर एकमेकांच्या प्रती सांभाळत होते आणि सगळेच एकदम पुसले गेले. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. तिथल्या प्रतीवरून लंडनजवळ पुन्हा उभारणी झाली. दहा दिवसांत 4 हजार सर्व्हर, 45 हजार संगणक आणि अडीच हजार ॲप्लिकेशन्स नव्याने बसवली, असं अध्यक्षांनी नंतर दावोसला जाहीरपणे सांगितलं. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलर.

या हकिकतीतला एक तपशील प्रत्येक संचालक मंडळाने वाचावा असा आहे. हल्ल्याआधीच सुरक्षा सुधारण्याची योजना मंजूर झाली होती, पैसेही ठरले होते. पण नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, ती योजना वरिष्ठ आयटी अधिकाऱ्यांच्या कामगिरीच्या मोजमापात धरलेली नव्हती. बोनस ज्यावर मिळतो, ते काम पुढे सरकलं, हे मागे राहिलं.

संचालक मंडळाचा हिस्सा

म्हणूनच नियामकांनी आता सीआयओच्या पाठीमागच्या खुर्च्यांकडे पाहायला सुरुवात केली आहे. एचडीएफसी बँकेच्या डिजिटल सेवा दोन वर्षांत वारंवार बंद पडल्यावर रिझर्व्ह बँकेने 2 डिसेंबर 2020च्या आदेशाने नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवली. शेवटचं बंधन मार्च 2022मध्ये उठलं. 24 एप्रिल 2024ला कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डं देण्यास मनाई झाली. सलग दोन वर्षांच्या तपासणीत यंत्रसामग्रीची नोंद, पॅच, पुरवठादारांवरचं नियंत्रण, आपत्तीनंतरची पुनर्बांधणी अशा अनेक बाबतींत गंभीर उणिवा आढळल्याचं रिझर्व्ह बँकेने म्हटलं. बंदी फेब्रुवारी 2025मध्ये उठली. दोन्ही बँकांना धंद्याची वाढ थांबणं महागात पडलं. 2023च्या निर्देशाने संचालक पातळीवर आयटी धोरण समिती अनिवार्य केली, तिचं अध्यक्षपद तंत्रज्ञानाची जाण असलेल्या स्वतंत्र संचालकाकडे दिलं आणि तिमाहीत किमान एक बैठक बंधनकारक केली.

सिंगापूरच्या डीबीएस बँकेचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 2008पासून दशकभर डेव्हिड ग्लेडहिल यांनी तिथे तंत्रज्ञान सांभाळलं, बाहेर दिलेलं बरंचसं काम पुन्हा घरात आणलं आणि 2016मध्ये 'युरोमनी'ने तिला जगातली सर्वोत्तम डिजिटल बँक ठरवलं. तीच बँक 2023मध्ये अनेकदा बंद पडली. ऑक्टोबरमध्ये तर डेटा सेंटरची शीतकरण यंत्रणा बिघडल्याने सेवा ठप्प झाल्या. नियामकाने सहा महिने अनावश्यक बदल थांबवायला लावले. त्यानंतर बँकेने मुख्य कार्यकारी अधिकारी पीयूष गुप्ता यांच्या त्या वर्षीच्या कामगिरीवर आधारित वेतनात 30 टक्के कपात केली. सीआयओला एकट्याला बळी न देता जबाबदारी सर्वोच्च पातळीवर घेतली गेली. ज्या संस्थेत मुख्याधिकाऱ्याचं वेतन यंत्रणेच्या भक्कमपणाशी बांधलेलं असतं, तिथे सीआयओचं 'आज नको' ऐकलं जाण्याची शक्यता वाढते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या खुर्चीवरचा ताण वाढवला आहे. 2023मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा गोपनीय कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी आणावी लागली. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने प्रवाशाला भाडेसवलतीची चुकीची माहिती दिली आणि फेब्रुवारी 2024मध्ये कॅनडातल्या लवादाने त्याची जबाबदारी कंपनीवरच टाकली. आता कर्मचारी परवानगी न घेताच साधनं वापरू लागतात. ती सरसकट रोखणंही शक्य नाही आणि डोळेझाकही परवडत नाही. त्यातून लोकांची वैयक्तिक माहिती फुटली, तर भारतातल्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ज्यांच्याकडे ही खुर्चीच नाही

मोठ्या बँकांकडे पैसा आहे, माणसं आहेत, नियामकाचा धाकही आहे. खरी चिंता त्यांच्या खालच्या थराची आहे. देशातल्या नागरी सहकारी बँका सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या जोडीला पतसंस्था, नगरपालिका, तालुक्याची रुग्णालयं, शिक्षणसंस्था. अनेक ठिकाणी 'आयटीचं बघणारा' म्हणजे प्रिंटर दुरुस्त करणारा, पासवर्ड बदलून देणारा आणि व्हेंडरला फोन लावणारा एकच तरुण असतो. 2023चा निर्देश सहकारी बँकांना लागू नाही. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2019मध्ये डिजिटल व्याप्तीनुसार चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली. मार्च 2024मध्ये नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था एनयूसीएफडीसी सुरू झाली आणि सामायिक तंत्रज्ञान पुरवणं हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. छोट्या बँकांनी अनुभवी सीआयओ एकत्रितपणे नेमावा, पाच-सहा बँकांचा मिळून एक, यात अशक्य काही नाही.

तेवढी वाट पाहण्याचीही गरज नाही. सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि सभासदांच्या हाती छापील अहवाल येतो. त्यात ठेवी, कर्जं, एनपीए, लाभांश सगळं असतं. त्याच अहवालात तीन ओळींची भर घालता येईल. बॅकअपवरून संपूर्ण यंत्रणा प्रत्यक्ष उभी करून पाहण्याची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, तिला किती तास लागले आणि तिचा निकाल संचालक मंडळासमोर कुणी मांडला. या तीन ओळी छापायच्या म्हटल्या की चाचणी घ्यावीच लागेल, ती घेणाऱ्याचं नाव लागेल आणि त्या माणसाला संचालकांसमोर उभं राहून खरं सांगण्याची हक्काची जागा मिळेल. सभासदांनी येत्या सभेत एवढी मागणी केली, तर तिच्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज पडणार नाही.